ईजीआरच्या माथी मारलेले आजार

२००७च्या सुरुवातीला स्विफ्ट डिझेल आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत टाटा, फियाटच्या गाड्यांतही तेच १२४८ सीसीचे इंजिन दिसू लागले. टाटा-फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होई. आपल्याकडच्या छोट्या गॅरेजांना ईजीआरची (एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन) खरी ओळख झाली ती याच काळात.

काम साधे. धुराचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये सोडायचा, म्हणजे प्राणवायू कमी पडतो, ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइड्स कमी तयार होतात. धुराची ही वाट उघडणारा व्हॉल्व्ह उघडतो तो मुख्यतः हलक्या लोडवर, म्हणून शहरातल्या रखडत्या वाहतुकीत काजळी साचते. तिच्यात इंजिनातली तेलाची वाफ मिसळली की मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो.

त्या काळी यावर सर्रास एकच उपाय होई : पत्र्याची पट्टी कापून वाट बंद करणे. पिकअप सुधारल्यासारखे वाटे, गिऱ्हाईक खूश. मला हा उपाय तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. ज्या विषारी वायूंसाठी ही यंत्रणा बसवली, ते मागच्या रिक्षातल्या मुलांच्या छातीत जातात. २०१३पासून ओबीडी-२ ही गाडीतले दोष स्वतः ओळखणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि पट्टी मारलेल्या गाडीत चेक इंजिनचा दिवा पेटू लागला. मग सॉफ्टवेअरमधूनच ईजीआर बंद करून देणारे निघाले.

स्कॅनर आला, तरी निदान सुधारलेच असे नाही. पी०४०१ हा दोषाचा कोड दिसला की व्हॉल्व्ह बदला, ही सवय लागली. हा कोड एवढेच सांगतो की अपेक्षेइतका धूर परत येत नाही. कित्येक गाड्यांत संगणक हे ठरवतो हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरवरून. तोच मळला असेल तर नवा व्हॉल्व्ह काय करणार? इंजिन गरम करून, आयडलिंगवर स्कॅनरने व्हॉल्व्ह उघडायचा. हवेचा आकडा घसरला आणि इंजिन अडखळले, तर वाट मोकळी आहे. आकडा हललाच नाही, तर व्हॉल्व्ह उचलत नाही किंवा वाट तुंबली आहे. काळ्या धुराचेही तसेच. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर हवेचा आकडा कमी दिसतो; टर्बोचा पाइप फाटला तर तो कमी दिसत नाही, कारण हवा मोजून झाल्यावर बाहेर निसटते. एवढा फरक पाहिला असता तर कित्येकांचे हजारो रुपये वाचले असते.

१ एप्रिल २०२०ला प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८वर आली, ईजीआरवरचा भार वाढला आणि सायलेन्सरच्या वाटेत काजळीचा फिल्टर आला. आता व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर तक्रार फिल्टर तुंबल्याची येते. फिल्टर साफ होतो, काजळी सुरूच राहते. कूलंटच्या तक्रारीचेही असेच : गाडीखाली थेंब नाही, तरी कूलंट कमी होतो आणि पांढरा धूर येतो, तेव्हा थेट इंजिनाचे हेड उघडले जाते. त्याआधी परत येणारा धूर कूलंटने थंड करणारा ईजीआरचा कूलर काढून, दाब देऊन गळती तपासायला हवी.