भांडी तुपकट का राहतात?

उष्टी भांडी मुहूर्तभर, म्हणजे ४८ मिनिटांहून अधिक, तशीच राहू नयेत, हा जैन स्वयंपाकघरातील जुना दंडक. डिशवॉशरमुळे तो पाळणे सोपे झाले; मात्र यंत्रातील पाणी तापलेच नाही, तर तूप भांड्यांवर पुन्हा थिजते आणि धुतलेले ताट उष्टेच राहते.

अशा वेळी थेट नव्या हीटरचा खर्च मांडू नये. तपासणी बिनखर्चाच्या बाबींपासून सुरू करावी. प्रथम निवडलेला कार्यक्रम पाहावा. अनेक यंत्रांत झटपट धुलाईचे पाणी ४५ अंशांच्या आसपास, तर तेलकट भांड्यांच्या कार्यक्रमाचे ७० अंशांपर्यंत तापते. त्यानंतर तळाची जाळी काढून धुवावी. पुष्कळ यंत्रांत पाण्याचा पुरेसा दाब मिळाल्याशिवाय हीटर सुरूच होत नाही. जाळी तुंबली की तो दाब मिळत नाही.

तिसरी बाब विजेची. २३० व्होल्टला २००० वॅट उष्णता देणारा हीटर १८० व्होल्टला सुमारे १२२५ वॅटच देतो. बोअरवेलचे पाणी जड असेल, तर हीटरवर क्षारांचा थर बसतो. म्हणून यंत्रातील मिठाचा कप्पा रिकामा ठेवू नये.

एवढ्यानेही पाणी तापले नाही, तर दोष हीटर, तापमान-संवेदक किंवा रिले यांपैकी एकात असण्याचा संभव अधिक. तेथे घरगुती प्रयोग नकोत. प्लग काढून कुशल कारागीर बोलवावा. कोणता भाग निकामी ठरला, हे मोजून दाखविल्यानंतरच बदलास संमती द्यावी. हिशेब तपासल्याविना रक्कम देऊ नये, हा पेढीवरचा नियम स्वयंपाकघरातही तितकाच खरा.