घसरत्या चाकाचें शास्त्र

जून महिन्यांत शाळा उघडते आणि पहिल्या पावसाबरोबर आमच्या पटांगणांतील मुरूम ओला होतो. त्या दिवसांत सायकलवरून येणाऱ्या मुलांचा एक आवडता खेळ सुरू होतो. वेगानें यावें, मागचा ब्रेक करकचून दाबावा, अंग किंचित् कलतें करावें, आणि मागचें चाक अर्धवर्तुळ काढीत घसरूं द्यावें. मुरुमावर उमटलेली चंद्रकोर ज्याची सर्वांत मोठी, तो त्या दिवसाचा वीर! या खेळाचा थोरला भाऊ मोटारींच्या जगांत आहे. त्यास ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. चित्रपटांतून तो पाहून आपणही एकदां तसें करावें, असें आमच्यापैकीं पुष्कळांस वाटतें. तो कसा साधतो, कसा शिकावा, आणि चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील रानवाटांशीं त्याचा संबंध काय, हें या लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

एवढी अवजड मोटार रस्त्याला धरून असते ती केवळ चार ठिकाणीं. प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग जमिनीस टेकलेला असतो, आणि त्या भागाच्या घर्षणावर सारा कारभार चालतो. या घर्षणास आपण ‘पकड’ म्हणूं. पकड ही गृहस्थाच्या ठराविक मासिक प्राप्तीसारखी आहे. तींतूनच वेग वाढविण्याचा, थांबण्याचा व वळण्याचा असे तिन्ही खर्च भागवावे लागतात. वळणावर बहुतेक पकड वळण्यांतच खर्च होत असतां कोणी जोरानें ब्रेक दाबला, तर प्राप्तीपेक्षां खर्च वाढतो व चाक घसरतें.

हें गणितानेंही दाखवितां येतें. ५० मीटर त्रिज्येचें सपाट वळण घ्या. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७ धरला, तर ताशीं सुमारें ६७ किलोमीटर वेगापर्यंत गाडी त्या वळणावर टिकते. पावसानें तोच गुणांक ०.४ झाला, तर मर्यादा ५० किलोमीटरवर येते. आणि चिखलानें तो ०.२ वर आला, तर ती ३६ च्याही खालीं जाते. शिवाय वेग दुप्पट केला कीं वळण्यासाठीं लागणारी पकड चौपट होते. वळण तेंच, गाडी तीच, चालकही तोच. बदलतो तो फक्त रस्त्याचा पृष्ठभाग.

आतां ड्रिफ्टकडे वळूं. कांहीं मोटारींत इंजिनाची शक्ति पुढच्या चाकांस मिळते, तर कांहींत मागच्या. पुढचीं चाकें ओढणाऱ्या मोटारीस वळणावर अधिक जोर दिला, तर तींच चाकें घसरतात, आणि गाडी वळण सोडून सरळ बाहेर जाऊं पाहते. मागच्या चाकांनीं चालणाऱ्या मोटारींत कामाची वांटणी असते. पुढच्या चाकांनीं दिशा द्यावयाची व मागच्यांनीं ढकलावयाचें. तेथें वळणावर अॅक्सिलरेटर अधिक दाबला, तर मागच्या चाकांची पकड सुटते व गाडीचा मागचा भाग वळणाच्या बाहेर झुकतो; परंतु पुढचीं चाकें अद्याप चालकाचें ऐकत असतात. या अवस्थेंत गाडी तिरपी ठेवून, हव्या त्या वाटेनें, हव्या तितक्या अंतरापर्यंत नेणें याचेंच नांव ड्रिफ्ट. गाडी घसरणें हा अपघात. घसरण आपल्या ताब्यांत ठेवणें ही कला.

या कलेचें माहेर जपान होय. तेथें १९७० नंतरच्या दशकांत कुनिमित्सु ताकाहाशि या शर्यतपटूनें ही रीत प्रसिद्धीस आणिली, आणि केइचि त्सुचिया यानें पुढें तिला लोकप्रिय केलें. मागच्या चाकांनीं चालणारी टोयोटाची एक हलकी, साधी मोटार (१९८३ सालची ‘एई ८६’) त्याच्या नांवाशीं कायमची जोडली गेली आहे. या शतकाच्या आरंभापासून तेथें ड्रिफ्टच्या रीतसर स्पर्धा होऊं लागल्या. त्यांत केवळ कोण पुढें गेला हें पाहत नाहींत; गाडी किती तिरपी होती, किती वेगांत होती व नेमल्या रेषेवर होती कीं नाहीं, हें परीक्षक पाहतात.

शिकण्याची रीत क्रमानें अशी. प्रथम जागा हवी: सर्व बाजूंनीं बंद, मोकळें, ज्यांत झाड, खांब वा माणूस नाहीं असें मैदान. जवळ जाणता शिक्षक, डोक्यास शिरस्त्राण व अंगावर पट्टा हवाच. जमीन पाणी घालून ओली केलेली बरी. कारण पकड कमी असली म्हणजे थोड्या वेगांतही घसरण अनुभवतां येते. मध्यें एक खूण ठेवून तिच्याभोंवतीं पहिल्या वा दुसऱ्या गिअरमध्यें सावकाश फेऱ्या घालाव्या. मग अॅक्सिलरेटर थोडा अधिक दाबावा, म्हणजे मागचा भाग सुटूं लागतो. त्या क्षणीं तो ज्या बाजूस जात असेल, त्याच बाजूस स्टीअरिंग फिरवावें. डाव्या वळणावर मागचा भाग उजवीकडे जातो, म्हणून स्टीअरिंगही उजवीकडे. दृष्टि जेथें जावयाचें आहे तेथें ठेवावी. कारण हात डोळ्यांच्या मागें जातात. गाडी सरळ होऊं लागली कीं स्टीअरिंगही लगेच सरळ करावें; तसें न केल्यास ती उलट बाजूस झटका देऊन गरकन् फिरते.

नवशिक्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे भीतीनें अॅक्सिलरेटर एकदम सोडून ब्रेक दाबणें. असें केल्यानें गाडीचें वजन पुढें येतें, मागचीं चाकें आणखी हलकीं होतात, आणि उरलीसुरली पकडही जाते. म्हणून चांगला शिक्षक प्रथम घसरण थांबवावयास शिकवितो व मग ती लांबवावयास. इंग्रजी आठाच्या आकाराचे फेरे त्यानंतर.

वाचक विचारतील कीं, रानांतल्या जिल्ह्यांत या विद्येचा उपयोग काय? उपयोग हा कीं, घसरण आमच्याकडे न बोलावतां येते. चंद्रपूर–मूल रस्ता घ्या किंवा आलापल्लीहून सिरोंच्याकडे जाणारी वाट घ्या. दोहोंकडे दुतर्फा रान आहे. सागाचीं मोठीं ओलीं पानें डांबरावर पडतात. काळ्या मातीचा चिखल ट्रकांच्या चाकांबरोबर सडकेवर येतो. कोळशाच्या खाणींच्या बाजूस पहिल्या सरींबरोबर कोळशाच्या धुळीचें वंगण बनतें. त्यांत वळणापलीकडे अकस्मात् एखादें जनावर उभें असतें. जीप, बोलेरो, ट्रक व एस. टी. या आमच्या नेहमींच्या वाहनांस मागचींच चाकें ढकलतात. अशा वेळीं चालक जर ब्रेकवरचा पाय काढून, मागचा भाग जाईल तिकडे स्टीअरिंग देऊन, दृष्टि वाटेवर ठेवूं शकला, तर गाडींतील माणसें घरीं पोंचतात. या वाटांवर गांवें विरळ व दवाखाने दूर आहेत. भामरागडास तर पर्लकोटा नदीला पूर आला कीं वाटच खुंटते. जेथें मदत उशिरां येते, तेथें अपघात टळणें हेंच मोठें औषध.

परंतु येथें एक इशारा दिल्यावांचून राहवत नाहीं. उंच जीप वा भरलेली बस आडवी घसरत जाऊन कडेच्या मातीला अडली, तर ती उलटते. म्हणून असलें वाहन हौसेनें घसरवूं नये. सार्वजनिक रस्ता ही शिकण्याची जागा नव्हे. मोटार चालविण्याचा परवाना अठरा वर्षें पुरीं झाल्यावरच मिळतो, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें धोकादायक रीतीनें गाडी हांकणें व रस्त्यावर शर्यत लावणें हे दोन्ही गुन्हे आहेत. ज्याला खरोखर शिकावयाचें आहे, तो मैदान व शिक्षक मिळेपर्यंत थांबतो.

तोंवर आपली सायकल आहेच. पुढच्या पावसांत मुरुमावर चंद्रकोर काढाल, तेव्हां क्षणभर थांबून तिच्याकडे पाहा. ती जेथून सुरू होते, तेथें तुमची पकड संपली होती. तो बिंदु कोठें आहे हें चाक सुटण्यापूर्वीं ज्याला कळतें, तोच खरा चालक. आणि रानांतल्या ओल्या वळणावर आमचीं माणसें अशाच चालकाच्या हातीं सोंपवावीं, असें आम्हांस वाटतें.