सहा माणसं म्हणजे किती माणसं?

पूर्व नागपुरातल्या लकडगंजात शिरलात की आरामशीनचा आवाज आणि भुशाचा वास दोन्ही एकदमच येतात. इथे "दहा ओंडके द्या" म्हटलं तर व्यापारी विचारणार, "घनफूट किती?" नगावर लाकडाचा हिशेब होत नाही. ओंडक्याच्या मधोमध टेप गुंडाळायची, घेर बघायचा. घेराचा पाव भाग घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचं आणि मग लांबीने. ओंडका १० फूट लांब आणि घेर ४ फूट असेल, तर १ गुणिले १ गुणिले १०, म्हणजे १० घनफूट. तेवढाच लांब, पण २ फूट घेराचा? फक्त अडीच घनफूट! घेर निम्मा, लाकूड मात्र पावच.

आणि हे सूत्र तंतोतंत बरोबरही नाही. त्या पहिल्या ओंडक्यात खरं तर पावणेतेरा घनफुटांच्या जवळपास लाकूड असतं. पण गोल ओंडक्याचं चौकोनी लाकूड काढताना कडेचं बरंच वाया जातं. तेव्हा मोजतानाच थोडं कमी धरायचं, असं सगळ्यांनी मिळून मान्य केलंय. हे 'मान्य केलंय' लक्षात ठेवा, कारण आता आपण माणसं मोजणार आहोत.

समजा, लकडगंजातल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात. महिन्याचा खर्च १२,००० रुपये. खालच्या मजल्यावर सहा जण : आई, बाबा, आजी आणि १३, ८ आणि ४ वर्षांची तीन पोरं. खर्च ३६,००० रुपये. कोणाचं राहणीमान चांगलं?

नुसते आकडे पाहिले तर खालचं घर तिप्पट श्रीमंत. डोक्यांनी भागलं तर तिथे माणशी ६,००० रुपये, म्हणजे आजोबांच्या निम्मे! आपल्या देशात १९५० पासून चालत आलेली राष्ट्रीय नमुना पाहणी अशी डोक्यांनीच भागते. २०२३-२४ मध्ये शहरांतला माणशी महिन्याचा सरासरी खर्च तिने ६,९९६ रुपये काढला. हिशेब सोपा आहे, पण त्यात चार वर्षांचं पिल्लू आणि त्याचा बाप सारखेच.

शिवाय मे महिन्यातला नागपूरचा कूलर आठवा. ताट्या भिजवल्या, पंखा लावला, की एका माणसाला लागते तेवढ्याच विजेत खोलीत झोपलेल्या सहाही जणांना गारवा मिळतो. (कूलरच्या अगदी समोर कोण झोपणार यावर भांडण होतं, ते वेगळं.) पोळीचं तसं नाही. एक पोळी एकाच्याच पोटात जाते. म्हणजे घरातल्या काही गोष्टी सगळ्यांच्या, तर काही ज्याच्या त्याच्या. सहा माणसांना एकाच्या सहापट पैसे लागत नाहीत. मग किती पट लागतात?

जर्मनीतल्या सॅक्सनीत एर्न्स्ट एंगेल नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते. घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला जेवणाचा वाटा मोठा, हे त्यांनी १८५७ साली दाखवून दिलं. पुढे बेल्जियममधल्या कामगारांच्या घरखर्चाचा अभ्यास करताना त्यांनी माणूस मोजायचं एक मापच तयार केलं. बेल्जियन शास्त्रज्ञ केतले यांच्या नावावरून त्याला म्हणायचं 'केट'. तान्हं बाळ १ केट. दर वर्षाला ०.१ केट वाढ. बाई विसाव्या वर्षी ३ वर थांबते, पुरुष पंचविसाव्या वर्षी साडेतीनवर. (बाईला अर्धा केट कमी का? मुलींनो, खुशाल भांडा.) तुम्ही दहा वर्षांचे असाल तर बरोबर २ केट भरता!

खालच्या घराची बेरीज करा : बाबा ३.५, आई ३, आजी ३, पोरं २.३, १.८ आणि १.४. एकूण १५ केट. केटला २,४०० रुपये. वरचे आजोबा साडेतीन केट, त्यांच्या केटला ३,४०० हून जास्त. आजोबा पुढे आहेत, पण दुपटीने नाहीत.

एरविन रॉथबार्थ यांनी १९४३ मध्ये याहून चलाख युक्ती सुचवली. जर्मनीतून इंग्लंडला गेलेला हा तरुण अर्थशास्त्रज्ञ पुढच्याच वर्षी महायुद्धात मारला गेला. त्याचं म्हणणं असं : पोरांवर किती खर्च होतो ते पोरांच्या ताटात शोधू नका, मोठ्यांच्या खिशात शोधा. घरात बाळ आल्यावर फक्त मोठ्यांच्याच असलेल्या वस्तूंवरचा खर्च किती आटला, ते बघा. नागपुरी काका असतील तर त्यांचा तंबाखूचा खर्रा! (काकांनी तो सोडला तर बरंच होईल, पण आपण सध्या हिशेब करतोय.) याच धर्तीवर शंकर सुब्रमण्यन आणि अँगस डीटन यांनी महाराष्ट्रातल्या घरांचा पान-तंबाखूवरचा खर्च तपासला. मुलासाठी मोठे जेवढा हात आखडतात, तेवढाच मुलीसाठीही आखडतात का, हे त्यांना बघायचं होतं. डीटन यांना २०१५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

युरोपात आता एक आटोपशीर माप चालतं : घरातलं पहिलं मोठं माणूस १, पुढचं प्रत्येक मोठं माणूस ०.५ आणि १४ वर्षांखालचं मूल ०.३. खालच्या घराचे झाले २.९. आता ३६,००० ला २.९ ने भागा. उत्तर १२,४०० च्या वर! खालचं घर आजोबांच्या पुढे गेलं, आणि एका पैशाचीही कमाई न वाढवता. याच मापाचा जुना अवतार मोठ्यांना ०.७ आणि मुलांना ०.५ धरायचा. तो लावला तर भाजक ३.९ होतो आणि आजोबा पुन्हा वर.

आता थोरल्याचा चौदावा वाढदिवस येऊ द्या. केक कापला की नव्या मापात तो ०.३ चा ०.५ झाला. घराचे २.९ चे ३.१ झाले आणि माणशी हिस्सा ११,६०० च्या आसपास घसरला. त्या रात्री त्याने एकही पोळी जास्त खाल्लेली नाही, पण हिशेबात खालचं घर आजोबांच्या मागे पडलं.