डब्यातील सुकट आणि मनातील विटाळ

रविवारी पालक भेटीस येतात. खर्डी स्थानकावर उतरून आलेल्या आईच्या पिशवीत नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी असते. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या शाळेतून नव्याने आलेली सहावीतील एक मुलगी असा डबा घेऊन इमारतीमागे एकटीच जेवताना आम्हांस आढळली. आधीच्या शाळेत तिने डबा उघडताच मुले नाक दाबीत असत. त्या दिवसापासून अशा चिडवण्यास पोरखेळ समजणे आम्ही सोडून दिले.

प्रथम वासाविषयी. समुद्री माशांच्या अंगात एक निर्गंध द्रव्य असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाइन या उग्र वासाच्या द्रव्यात रूपांतर करतात. चिंच किंवा कोकम घातले की हा वास दबतो, ही गोष्ट आपल्या आयाबायांना रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक होती. पावसाळ्यात समुद्रातील मासेमारी थांबते, म्हणून आगोटीला सुकट-बोंबलांची बेगमी करण्याची रीत शहापूर-मुरबाडच्या घरांतही आहे. शंभर ग्रॅम सुक्या बोंबलात सुमारे ६० ग्रॅम प्रथिने असतात. वाढत्या वयाच्या मुलांना हे अन्न पोषकच आहे.

मग हसू कशाचे येते? हिंगाचा वासही उग्रच असतो, पण हिंगाच्या फोडणीवर कोणी नाक दाबीत नाही. कोणता वास ‘आपला’ आणि कोणता ‘त्यांचा’, हे मूल घरातील मोठ्या माणसांकडून शिकते. अन्नावरून माणसाची पायरी ठरविण्याची रीत जुनी आहे. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ शोधताना गोमांसाहाराचा विचार केला, तो याच कारणाने.

येथे कोणी विचारील की, मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनीच मृत मांस सोडण्यास सांगितले नव्हते काय? सांगितले होते. परंतु ते अन्न महारकीच्या लाचारीशी बांधलेले होते आणि तो उपदेश स्वाभिमानाचा होता. घामाच्या पैशाने विकत घेतलेल्या सुकटीची लाज बाळगण्यास त्याचा आधार घेता येणार नाही. तरीही आपल्याच काही शिकलेल्या घरांतून “असला डबा शाळेत नेऊ नकोस” असे मुलांना बजावले जाते, हे पाहून आम्हांस वाईट वाटते.

पुढच्या रविवारी आम्ही शिक्षक त्या मुलीच्या शेजारी जेवावयास बसलो आणि तिच्या डब्यातील चटणी मागून घेतली. उपदेश केला नाही. काही आठवड्यांतच तिच्याभोवती मैत्रिणींचे कोंडाळे जमू लागले.

पालकांना आमची विनंती एवढीच, की डबा घट्ट झाकणाचा द्या, पण तो देणे थांबवू नका. माजी विद्यार्थ्यांनीही कचेरीत आपला डबा निःसंकोच उघडावा. तुम्ही तो लपविलात, तर तुमची मुलेही लपवितील.