उपाशी मनुष्यास थंडी का वाजते?

इ. स. १९४५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण अर्धपोटी राहत होते. युद्धात उपासमार झालेल्यांस पुन्हा अन्नावर कसे आणावे हे समजावे, म्हणून अ‍ॅन्सेल कीज यांनी योजिलेल्या प्रयोगात ते स्वेच्छेने सामील झाले होते. २४ आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. अन्नावाचून त्यांना दुसरे काही सुचेना, यात नवल नाही; परंतु ऐन उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजे, अंगाचे तापमान किंचित उतरले आणि नाडी मंदावली.

लाकडे संपत आली म्हणून चूल विझू लागली, असे यावर कोणी सहज म्हणेल. वस्तुतः प्रकार निराळा आहे. लाकडे शिल्लक असतानाच कोणीतरी ती मागे ओढून आच कमी करतो. हा ‘कोणीतरी’ मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या लहानशा भागात वसतो, आणि त्याची आज्ञा वाहून नेण्याचे काम बरेचसे पेप्टाइडे करतात. पेप्टाइड म्हणजे अ‍ॅमिनो अम्लांची आखूड साखळी.

यांपैकी न्यूरोपेप्टाइड-वाय हे ३६ अ‍ॅमिनो अम्लांचे पेप्टाइड १९८२ साली तातेमोतो यांनी डुकराच्या मेंदूतून वेगळे केले. उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये ते टोचले असता पोट भरलेला उंदीरही पुन्हा खाऊ लागतो. त्याच वेळी, अंगात ऊब उत्पन्न करणाऱ्या तपकिरी मेदाचे कार्य मंदावते. एकाच रेणूने जमा वाढविली आणि खर्चही आवरला! याच्या उलट काम करणारे, मेलॅनोकॉर्टिन वर्गातील १३ अ‍ॅमिनो अम्लांचे पेप्टाइड शेजारच्याच मज्जापेशींत तयार होते. ते भूक शमविते व उष्णतेचा खर्च वाढविते.

पण शरीरात शिल्लक किती, हे या पेशींस कसे कळावे? उत्तर एका लठ्ठ उंदराने दिले. १९४९ साली अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत आनुवंशिक लठ्ठपणा असलेले उंदीर आढळले. ते अखंड खात. तथापि त्यांना सामान्य उंदराइतकेच अन्न मोजून दिले तरी ते लठ्ठच होत. त्यांचे अंग थंड असे, आणि ४ अंश सेल्सियसच्या गारठ्यात ते काही तासांत मरत. मेदाचे कोठार भरलेले असूनही मेंदू उपासमारीच्या आज्ञा देत होता. मेदपेशींकडून मेंदूस जाणारा निरोपच त्यांच्यात निर्माण होत नव्हता. तो निरोप म्हणजे लेप्टिन. त्याचे जनुक १९९४ साली न्यूयॉर्क येथे जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. लेप्टिन घटले की पहिल्या पेप्टाइडाचा जोर वाढतो व दुसऱ्याचा ओसरतो.

हा दोष मनुष्यातही असतो, हे १९९७ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दोन चुलत भावंडांत दाखविले. त्यांतील आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते. अशा मुलांस खादाड म्हणून हिणविणे किती अन्यायाचे होते, ते पुढे उघड झाले: लेप्टिन टोचू लागताच भूक आटोक्यात आली व वजन उतरू लागले. मात्र उंदराप्रमाणे त्यांच्या उष्णतेत मोठा बिघाड नव्हता. लहान देहाच्या उंदरास ऊब राखण्यासाठी मिळकतीचा मोठा हिस्सा वेचावा लागतो. मनुष्याचे तसे नाही.

लेप्टिन सर्वच स्थूल व्यक्तींस उपयोगी पडेल ही आशा मात्र फोल ठरली. बहुतेकांच्या रक्तात ते मुळातच भरपूर असते. मेंदू त्याची दखल घेत नाही. अलीकडे गाजणारे सेमाग्लुटाइड हे औषधही पेप्टाइडच होय. आतड्यात व मेंदूच्या देठात निर्माण होणाऱ्या एका पेप्टाइडाचे ते अनुकरण करते आणि भूक पुष्कळ कमी करते. ते थांबविल्यावर गेलेले वजन बहुधा परत येऊ लागते. कारण मेद घटला की लेप्टिनही घटते, आणि हायपोथॅलॅमस ती घट मिनेसोटातील तरुणांच्या उपासाप्रमाणेच वाचतो.