आजीची काळजी

ज्या घरांत आजी आहे, त्या घरांतील बाळ कधीं ना कधीं 'वाळलेलें' असतेंच! बाळ भिंतीला धरून उभें राहत असो, दिवसभर घर डोक्यावर घेत असो, आजीला त्याच्या बरगड्याच दिसतात. आमच्या वाचकभगिनींपैकीं पुष्कळ जणींना ह्या काळजीचा जाच वाटतो, आणि पुष्कळ आज्यांना सुनेच्या अबोल्याचें दुःख होतें. ह्या तिढ्यांतून वाट कशी निघते, हें गेल्या उन्हाळ्यांत चौल येथें एका आप्तांच्या घरीं आम्हांस पाहावयास मिळालें.

रेवदंड्याजवळच्या नारळी-पोफळींच्या वाड्यांत त्यांचें घर आहे. सत्तरी उलटलेल्या आजी, त्यांचे धाकटे चिरंजीव, सून आणि नऊ महिन्यांचा नातू, अशीं माणसें. बाळाला गोवराची लस टोचावयाची होती. परंतु त्याला थोडें पडसें झालेलें. आजींनीं हट्ट धरला, "नाक वाहतंय, तोंवर टोचायचं नाहीं. आणि आधीं शीतलादेवीला दहीभात दाखवायचा."

"आई, हल्लीं असलं कोणी मानत नाहीं," सूनबाई बोलून गेल्या. झालें! आजी माजघरांत, सून स्वयंपाकघरांत, आणि दोन दिवस घरांत भांड्यांचाच काय तो आवाज! आम्हीहि सुनेची बाजू घेऊन आजींना लसीचे फायदे ऐकवले. त्यांनीं जपमाळ हातांत घेतली. एवढाच त्याचा उपयोग झाला.

तिसऱ्या दिवशीं चिरंजीव आईजवळ जाऊन बसले. "आई, तुला नेमकी कसली भीति वाटते?" त्यांनीं विचारलें. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझी पाठची बहीण देवीनं गेली रे. मी सहा वर्षांची होतें. दारावर बांधलेला कडुलिंबाचा डहाळा मला अजून दिसतो. पोराचं अंग जरा कोमट लागलं कीं तोच डहाळा दिसतो."

हें ऐकून आमची मान खालीं गेली. आजींची भीति अडाणीपणाची नव्हती. ती पाहिलेल्या मरणाची होती. १९५१ च्या सुमारास भारतांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं सुमारें १४६ मुलें पहिल्या वाढदिवसाआधींच दगावत. २०२० सालीं हाच आंकडा २८ वर आला होता. चौलचें शीतलादेवीचें देऊळ म्हणजे अशाच भ्यालेल्या आयांचें शरणस्थान. आपल्या भाषेंत तर रोगालाहि 'देवी' म्हणत आणि लस टोचण्यालाहि 'देवी काढणें' म्हणत! मुंबईंत १४ जून १८०२ रोजीं अ‍ॅना डस्थॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला भारतांतील पहिली देवीची लस टोचली गेली. त्यानंतर १९७५ च्या मे महिन्यांत देशांतील शेवटचा रोगी आढळला, आणि १९८० सालीं जगांतूनच हा रोग गेल्याचें जाहीर झालें. रोग गेला, आजींच्या मनांतली भीति मात्र मागें राहिली.

मग आजीचें सर्वच ऐकावें काय? नाहीं. जें निरुपद्रवी आहे तें आनंदानें होऊं द्यावें. देवीला दहीभात, तिन्हीसांजेला दृष्ट काढणें, अंगाला हलक्या हातानें तेल लावणें, ह्यांत बाळाचें कांहीं बिघडत नाहीं. दृष्टीचा धूर तेवढा त्याच्या नाकाशीं नको. जें अपायकारक आहे तेथें मात्र नम्रतेनें पण ठाम राहावें. वर्षाच्या आंतील बाळाला मध चाटवूं नये. त्यांतील जंतूंमुळें क्वचित् प्राणावर बेततें. कांहीं काजळांत शिसें असतें, म्हणून काजळ डोळ्यांत घालूं नये. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणी किंवा गुटीहि नको. जुलाब होऊं लागले तर पाणी तोडूं नये. उलट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून तें थोडें थोडें पाजावें. सहा महिन्यांवरील बाळाला आजीची तांदळाची पेजहि चालते!

हा ठाम शब्द सुनेनें बोलण्यापेक्षां मुलानें आपल्या आईशीं बोलावा. सुनेच्या तोंडीं जो उलट जबाब ठरतो, तोच मुलाच्या तोंडीं विनंति होतो. आणि तिसरी गोष्ट अशी कीं, काळजीला काम द्यावें. बाळ वाळलें कीं नाहीं ह्याचा वाद वजनकाट्यावर सुटतो. तर अंगणवाडींत दरमहा वजन करावयास नेण्याचें काम आजीकडेच सोंपवावें. जन्माच्या वेळचें वजन वर्षाअखेर साधारण तिप्पट व्हावें, एवढें तिला सांगून ठेवावें.

आजीची काळजी कधीं कधीं खरीहि असते, हें विसरूं नये. बाळ पीत नाहीं, श्वास भराभर चालतो, छाती आंत ओढली जाते, आंचके येतात, तें जागें करूनहि जागें होत नाहीं, किंवा तीन महिन्यांच्या आंत ताप येतो, ह्यांपैकीं कांहींहि दिसल्यास क्षणाचाहि विलंब न लावतां डॉक्टर गांठावा. घरांत हें पुष्कळदां आजीच्याच नजरेला आधीं पडतें. रोज वेडी ठरविलेली आजी त्या दिवशीं तोंड उघडणार नाहीं!

चौलच्या घरीं पुढें असें झालें. चिरंजीव आईला बरोबर घेऊनच दवाखान्यांत गेले. किरकोळ पडशासाठीं लस लांबविण्याचें कारण नाहीं, हें डॉक्टरांनीं आजींनाच समोर बसवून समजावलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूनबाईंनीं स्वतः दहीभात कालवला. सासूसुना देवीला जाऊन आल्या आणि तशाच बाळाला टोचावयास गेल्या. सुई लागतांना बाळ आजींच्या मांडीवर होतें. तें रडलें, आजीहि रडल्या. मग डोळे पुसून त्यांनीं परिचारिकेला विचारलें, "पुढची सुई कधीं? तारीख मला लिहून द्या. हिच्या लक्षांत राहायचं नाहीं!"

सूनबाई हंसल्या. लसीचें कार्ड तेव्हांपासून आजींच्या पोथीत असतें.