रमजान ईद : रीत आणि शिष्टाचार

नागपूरहून गोंदियाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तिरोडा हें तालुक्याचें गांव लागतें. १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यांत तें मोडतें. भोंवतालचा सारा मुलूख धानाचा. अशा गांवीं हिंदूंच्या आणि मुसलमानांच्या घरांत फारसें अंतर नसतें. बाजार एक, शेताचा बांध एक. रमजान ईदच्या दिवशीं शेजारून शिरखुर्म्याचा वाडगा येतो आणि आवडीनें रिकामाहि होतो. परंतु तो वाडगा भरण्यापूर्वीं त्या घरांत काय काय घडून गेलेलें असतें, याची कल्पना पुष्कळांना नसते. ईदचें मर्म त्या आधींच्या क्रमांतच आहे.

ईद-उल-फित्र म्हणजे उपवास सोडण्याचा सण. रमजान हा हिजरी वर्षाचा नववा महिना. या महिन्यांत पहांटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न आणि पाणी दोन्ही वर्ज्य. महिना २९ दिवसांचा कीं ३० दिवसांचा, हें ठरतें चंद्रदर्शनावर. शव्वाल महिन्याची पहिली कोर दिसली कीं दुसऱ्या दिवशीं ईद. आपण जिला बीजेची कोर म्हणतों, बहुधा तीच ही. म्हणून ईद सामान्यतः शुद्ध द्वितीयेस किंवा तृतीयेस येते. ३ मे २०२२ आणि २२ एप्रिल २०२३ या दोन्ही दिवशीं आपल्याकडे अक्षय्य तृतीया व ईद एकत्र आल्या, त्याचें कारण हेंच. २०२५ सालीं ३० मार्चला गुढीपाडवा झाला आणि ३१ मार्चला ईद.

मग ही जोडी दरवर्षीं कां टिकत नाहीं? आपल्या पंचांगांत अधिक मास घालून चांद्र वर्ष सौर वर्षाशीं जुळवून घेतात. हिजरी गणनेंत अधिक मासाला स्थान नाहीं. तें वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें असल्यामुळें ईद दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि सुमारें ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. कधीं रोजे थंडीच्या आंखूड दिवसांत पडतात, तर कधीं वैदर्भीय वैशाखाच्या उन्हांत, घोटभर पाण्याविना.

चंद्रकोर दिसली कीं चांदरात सुरू होते. लोक एकमेकांना मुबारकबाद देतात, मुली हातांवर मेंदी काढतात, शिंप्याच्या आणि कांकणांच्या दुकानांत गर्दी लोटते. पण या धांदलींत एका कर्तव्याची आठवण घरांतील वडील माणसें हटकून करून देतात. तें म्हणजे फित्रा.

फित्रा हें ईदशीं जोडलेलें दान होय. जकात निराळी, ती वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर चाळिसावा हिस्सा या प्रमाणांत द्यावयाची असते. फित्रा मात्र माणशीं मोजतात. घरचा कर्ता पुरुष स्वतःचा आणि आपल्या लहान मुलांचा फित्रा देतो. ईदच्या पहांटेपूर्वीं जन्मलेलें तान्हें मूलहि या हिशेबांतून सुटत नाहीं. जुनें माप 'साअ' या नांवाचें; तें साधारण चार ओंजळींचें. खजूर किंवा जव असल्यास पूर्ण साअ द्यावा. हिंदुस्थानांतील बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे आहेत. ते गहूं असल्यास अर्धा साअ, म्हणजे सुमारें पावणेदोन ते दोन किलो, किंवा त्याची किंमत देतात. त्यामुळें भात खाणाऱ्या तिरोड्यासारख्या भागांतहि फित्र्याचा आंकडा सामान्यतः गव्हाच्या भावावरून काढतात. कोंकणांतील मुसलमान शाफई पंथाचे. तेथें नित्याच्या खाण्यांतील धान्य, म्हणजे तांदूळ, पूर्ण साअ मापून देण्याची रीत आहे.

या दानाची वेळ फार महत्त्वाची. तें ईदच्या नमाजपूर्वीं गरिबाच्या हातीं पडलें पाहिजे. नमाजनंतर दिलेलें दान साध्या खैरातींत जमा होतें, अशी पैगंबरांची शिकवण सांगितली जाते. यामागील विचार उघड आहे. सणाच्या सकाळीं कोणासहि दारोदार हात पसरावा लागूं नये. त्याच्याहि घरीं चूल पेटावी आणि तोहि इतरांच्या रांगेंत ताठ मानेनें उभा राहावा.

ईदच्या सकाळीं स्नान करावें, दांत स्वच्छ घासावेत, असतील त्यांतले उत्तम कपडे घालावेत, अत्तर लावावें. कपडे नवेच हवेत असें बंधन नाहीं. कर्ज काढून थाट करण्यास धर्माची आज्ञा नाहीं. नमाजला निघण्यापूर्वीं एक, तीन, पांच अशा विषम संख्येनें खजूर खातात. महिनाभराचा उपवास संपल्याची ती खूण. या दिवशीं उपवास करणें निषिद्धच मानलें आहे. जातांना मंद स्वरांत तकबीर म्हणतात आणि शक्य तर एका वाटेनें जाऊन दुसऱ्या वाटेनें परततात. ईदच्या नमाजला अजान नसते. ती दोन रकातींची असून तींत हनफी रीतीप्रमाणें सहा, तर शाफई रीतीप्रमाणें बारा तकबिरी अधिक असतात. शुक्रवारीं खुतबा नमाजच्या आधीं होतो, ईदला नंतर. तो संपेपर्यंत शांत बसून ऐकणें हा शिष्टाचार. २०२० सालीं साथीमुळें टाळेबंदी असतांना हीच ईद २५ मे रोजीं लोकांनीं आपापल्या घरांत साजरी केली. त्या वर्षीं उणीव सर्वांत अधिक भासली ती गळाभेटीची.

कारण नमाजनंतरचा पहिला सोहळा गळाभेटीचाच. जुना रुसवा याच वेळीं मिटवतात. मग पुष्कळजण कबरस्तानांत जाऊन गेलेल्यांसाठीं प्रार्थना करतात. अनेक ठिकाणीं, वर्षभरांत ज्या घरीं मृत्यु झाला असेल तेथें आधीं भेट देण्याची चाल आहे. घरीं आल्यावर मुलें वडिलांना सलाम करून ईदी मिळवितात.

आणि मग शिरखुर्मा. फारसींत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. तुपांत परतलेल्या बारीक शेवया, आटवलेलें दूध, खारीक, चारोळी, बदाम, मनुका यांचें हें पक्वान्न. त्यासाठीं घरांतील स्त्रिया बहुधा आदल्या रात्रीपासून जागतात, ही गोष्ट खाणाऱ्यानें विसरूं नये.

शेजारच्या घरीं ईदला जाणाऱ्यानें नमाज आटोपल्यानंतर जावें. 'ईद मुबारक' म्हटलें कीं 'खैर मुबारक' असें उत्तर येतें. गळाभेट पुरुषांनीं पुरुषांची व स्त्रियांनीं स्त्रियांची घ्यावी. एरवीं छातीवर हात ठेवून केलेला सलाम पुरे होतो. शिरखुर्म्यांत मांस नसतें, म्हणून शाकाहारी पाहुण्यानें संकोच बाळगूं नये. इतर पदार्थ चालत नसल्यास तसें मोकळेपणानें सांगावें, त्यांत यजमानाचा अवमान होत नाहीं. न सांगतां ताट तसेंच टाकणें मात्र त्याला बोचतें. आणि आपल्याकडे रिकामें भांडें परत देत नाहींत; ईदचा वाडगा दिवाळीच्या फराळानें भरून गेला तर तोहि शिष्टाचारच.

तो वाडगा आपल्या दारीं येतो तो या साऱ्या क्रमाच्या शेवटीं. त्याच्याआधीं प्रार्थना झालेली असते आणि प्रार्थनेच्याहि आधीं कुठल्या तरी गरीब घरांत मापभर धान्य पोंचलेलें असतें. तें पोंचलें नसेल, तर वाडग्यांतील दूध कितीहि आटवलेलें असो, त्या घरची ईद अपुरीच राहिली असें समजावें.